संध्याकाळचा चेहरा

सोमवारी आमचं पार्लर बंद असतं, त्यामुळे माझे सगळे डॉक्टर सोमवारी सकाळीच झाले. आदल्या दिवशी लवकर झोपायचं, सकाळी उशिरा उठायचं, न्हायचं, इस्त्रीचे कपडे घालायचे आणि मोठ्या जाऊबाईंसमोर खुर्चीत बसायचं. पार्लर आम्हा दोघी जावांचं आहे. केस माझ्याकडे, चेहरे त्यांच्याकडे. आठवडाभर दुसऱ्यांच्या लेकीसुना नटवून त्या सोमवारी माझ्याकडे वळायच्या, आणि त्यांचा हात असा की आजारी माणसालासुद्धा फोटोला बसवावं.

"नीटनेटकं गेलं की नीट विचारतात," त्या म्हणायच्या. "गबाळी गेलीस तर डॉक्टरला आधी गबाळी बाई दिसते, दुखणं मागाहून."

त्यात खोटं काही नव्हतं. आम्ही दोघींनी उभा जन्म हेच बघितलंय. बाई खुर्चीत बसली की लोक तिच्याशी एका सुरात बोलतात, आणि आवरून उठली की दुसऱ्या सुरात. म्हणून मीही मुकाट्याने मान वर करून बसायचे.

माझं दुखणं सांगायला अवघड होतं, कारण ते दुखत नव्हतं. सकाळी मी ठणठणीत असायचे. दुपार कलली की हात जड व्हायचे. ड्रायर धरलेला हात गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून हळूहळू खाली यायचा आणि मला तो दुसऱ्या हाताने सावरायला लागायचा. मग डाव्या डोळ्याची पापणी उतरायची. केस कापताना आरशात दोन-दोन कात्र्या दिसायला लागल्या की मी एक डोळा मिटून काम करायचे आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई फार लक्ष देऊन कापतेय. संध्याकाळी जेवताना जबडा चालेनासा व्हायचा. घास तोंडात तसाच राहायचा आणि कधी पाणी प्यायले तर ते नाकातून बाहेर. पुन्हा रात्रभर झोपले की सकाळी मी नवी कोरी.

आता हे सकाळी, नवी कोरी असताना, डॉक्टरला सांगून बघा.

मोठे डॉक्टर खरोखरच मोठे होते. दारावरच्या पाटीवर त्यांच्या पदव्या मावत नव्हत्या. त्यांनी माझे हात दाबून बघितले, गुडघ्यावर हातोडी मारली, रक्त काढायला लावलं. पुढच्या सोमवारी कागद चाळले आणि म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे."

"पण संध्याकाळी हात उचलत नाहीत," मी म्हणाले.

"दिवसभर उभं राहून काम करता. संध्याकाळी माझेही उचलत नाहीत." ते स्वतःच्या विनोदावर हसले. शेजारी बसलेले माझे यजमानही हसले, कारण डॉक्टर हसले की हसायचं असतं. "चेहऱ्यावर तर काही दिसत नाही. छान टवटवीत आहात. घरात काही ताण?"

मी म्हणाले, नाही. ह्यांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "काळजी फार करते ती. आणि संध्याकाळी जरा… चिडचिड होते."

"बघा," डॉक्टर म्हणाले. जणू चोर सापडला. "या वयात होतं बायकांना. मन रमवा. एखादा छंद लावून घ्या." आणि झोपेची गोळी लिहून दिली. मला झोपेचा काही त्रास नव्हता हे मी दोनदा सांगितलं होतं. तरी गोळी आलीच.

त्यानंतर आणखी एक झाले, त्यांनी शक्तीची औषधं दिली. त्यांच्यानंतरच्यांनी वजन कमी करायला सांगितलं. मग एक बाई होत्या, त्यांच्याकडे मी मोठ्या आशेने गेले, बाई आहेत म्हणजे ऐकतील असं वाटलं होतं. त्यांनी ऐकलं मात्र मान कलती करून, लहान मुलाचं ऐकतात तसं, आणि शेवटी विचारलं, "तुम्ही इंटरनेटवर फार वाचता का?" मी म्हणाले, डोळ्यांना दोन-दोन ओळी दिसतात, वाचू कशी? त्यावर त्यांनी डोळे तपासायला पाठवलं. तपासणीची वेळ अर्थातच सकाळची होती. डोळे उत्तम निघाले.

माझा हळूहळू माझ्यावरचाच विश्वास उडायला लागला. इतके शिकलेले लोक एकच गोष्ट सांगताहेत तर आपलंच काहीतरी बिनसलं असेल. आपण कामचुकार झालोय. संध्याकाळची गिऱ्हाइकं मी जाऊबाईंकडे ढकलायला लागले होते. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण स्वतःच्या चेहऱ्यांबरोबर माझ्या वाटचे केसही करायला लागल्या आणि त्यांचे पाय सुजायला लागले. मी मनाशी ठरवलं, आता एकच डॉक्टर आणखी. तिथेही हेच निघालं तर माझी कात्री जाऊबाईंच्या हाती द्यायची आणि घरी बसायचं. घरी बसून काय करायचं, याचा विचार करायचंही त्राण उरलं नव्हतं.

घरातही काही बरं नव्हतं. हे छापखान्यात बाइंडिंगला आहेत. पूर्वी सुटले की तडक घरी यायचे आणि कोणत्या पुस्तकाची पानं उलटी लागली, कोणत्या साहेबाने कोणाला झापलं, सगळं सांगायचे. मी भाजी चिरता चिरता उलट बोलायचे, टोमणे मारायचे. आमचा संसार त्या तासाभराच्या बडबडीवर चालला होता म्हटलं तरी चालेल. या वर्षात ते बंद पडलं. हे उशिरा यायला लागले. आले की पेपर उघडून बसायचे. मला वाटायचं, झालं, कंटाळले. रोज संध्याकाळी मेल्या चेहऱ्याच्या बाईसमोर कोण बसेल? मला राग यायचा आणि रागवायची ताकद नसायची. मी पाठ करून भांडी विसळत राहायचे.

मग मला वाटलं, घास चावत नाही म्हणजे दाढेचं काहीतरी असेल.

दातांचे डॉक्टर आमच्या पार्लरच्या वरच्या मजल्यावर आहेत. त्यांच्याकडे जायला ना सोमवार लागला ना जाऊबाईंचा हात. दातवाल्याकडे कोणी नटून जात नाही, सगळं पुसलंच जातं. शेवटचं गिऱ्हाईक आटोपून मी तशीच जिना चढले. अर्ध्यावर थांबून कठडा धरावा लागला.

त्यांनी दिवा ओढला आणि म्हणाले, "आ करा." मी आ केला. ते आरसा फिरवत राहिले. थोड्या वेळाने माझा जबडा आपोआप मिटायला लागला. मी हनुवटी हाताने खाली ओढून धरली.

"दुखतंय?"

मी नाही अशी मान हलवली. त्यांनी आरसा काढला. "मग?"

"दुखत नाही. थकतो."

आवाज नाकातून आला, कारण त्या वेळी तो तसाच यायचा. ते माझ्या तोंडाकडे बघायचे थांबले आणि डोळ्यांकडे बघायला लागले. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून त्यांचीही मान अवघडलेली असावी, ती त्यांनी चोळली. "सकाळी असं होतं?"

"नाही."

"दात चांगले आहेत तुमचे," ते म्हणाले. "पण तुम्ही चुकीच्या डॉक्टरकडे आलात. माझ्या ओळखीच्या बाई आहेत, मेंदू आणि नसांच्या. मी फोन करतो. आणि ऐका, सकाळची वेळ घेऊ नका. कामावरून थेट जा."

पहिल्यांदाच कोणी माझं म्हणणं खोडलं नव्हतं. मी खुर्चीतून उठले तेव्हा मला रडू आलं आणि त्यांना वाटलं, मला दाढ काढायची भीती वाटत होती.

कामावरून थेट जा, असं त्यांनी बजावलं होतं. मी जाऊबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जायच्या दिवशी दुपारीच माझ्या हातातला ड्रायर काढून घेतला.

"थेट म्हणजे काय अवतारात जायचं? इतक्या मोठ्या बाई. आत जाऊन पड जरा."

"ताई, त्यांनी सांगितलंय—"

"सांगितलंय वेळेवर जा म्हणून. जाशील वेळेवर. पड."

वाद घालायला जोर लागतो. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तेच हवं होतं. शेवटच्या डॉक्टरसमोर ती ओघळलेली पापणी घेऊन जायची मला लाज वाटत होती. आमच्या धंद्यात स्वतःचा चेहरा पडका ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवणं. मी आतल्या खोलीत पलंगावर गाढ झोपले. उठले तेव्हा जाऊबाई ब्रश घेऊन तयार होत्या. त्यांनी डाव्या पापणीला ती बारीक पारदर्शक पट्टी लावली, जी आम्ही एकसारखे डोळे नसलेल्या नवऱ्या मुलींना लावतो. वर लायनर असं फिरवलं की दोन्ही डोळे जुळे वाटावेत. गालावर थोडी लाली. स्वतःचे सुजलेले पाय स्टुलावर टेकवून त्यांनी काम पुरं केलं आणि लांबून बघितलं.

"आता बघू कोण हिला वेडी म्हणतो," त्या म्हणाल्या.

हे छापखान्यातून परस्पर आले. नखांत गोंद तसाच होता.

डॉक्टरबाईंची खोली लहान होती. टेबलाखाली त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या आणि बाहेर अजून बरेच लोक होते. त्याही दमलेल्या दिसत होत्या, त्याने मला जरा बरं वाटलं. मी सांगायला सुरुवात केली. हे सवयीने मध्ये म्हणाले, "काळजी फार करते ती."

"त्यांना बोलू द्या," त्या म्हणाल्या. "तुमचं मी नंतर ऐकणार आहे."

मी सगळं सांगितलं. मग त्यांनी हात दाबले, खांदे दाबले, डोळे बघितले. माझे हात छान वर गेले आणि तिथेच राहिले. बोटांची पकड घट्ट होती. दुपारची झोप माझ्या अंगात अजून शिल्लक होती आणि तीच माझ्याविरुद्ध साक्ष देत होती. आता त्या "नॉर्मल" म्हणतील, उठा म्हटल्यावर मी उठेन आणि उद्या कात्री देऊन टाकेन. मला रागसुद्धा आला नाही. फक्त वाटलं, लवकर म्हणा एकदाचं.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. "कामावरून थेट आलात?"

मी खोटं बोलणार होते. पण खोटं सांभाळायलाही जोर लागतो. "नाही. जाऊबाईंनी झोपवलं. मग आवरून दिलं."

"हे डोळे त्यांनी केलेत?"

"हो."

"फार सुंदर केलेत," त्या खरंच कौतुकाने म्हणाल्या. "आधीच्या डॉक्टरांकडे जातानाही असंच?"

"दर वेळी."

त्या हसल्या नाहीत. कोपऱ्यातल्या बेसिनकडे हात करून म्हणाल्या, "तोंड धुऊन या. साबण लावून. घाई नाही."

मी धुतलं. लायनर काळं पाणी होऊन वाहून गेलं, पट्टी सुटून बोटाला चिकटली. परक्या माणसांसमोर मी तसा चेहरा कधी केला नव्हता. पुसून परत बसले तेव्हा ह्यांनी माझी पर्स मांडीवर घट्ट धरलेली होती.

डॉक्टरबाईंनी पेन उंच धरलं. "मान न हलवता इथे वर बघत राहा. मी सांगेपर्यंत."

मी बघत राहिले. बाहेर कोणाचं तरी मूल खोकत होतं. पेनाची दोन पेनं झाली. मग डाव्या डोळ्यावर पडदा यायला लागला, हळूहळू, माझ्या ओळखीचा. मी कपाळाला आठ्या घालून तो थोपवायला लागले. आयुष्यभराची सवय.

"थोपवू नका," त्या म्हणाल्या. "येऊ द्या."

मी सोडून दिलं. पापणी पूर्ण उतरली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी ती उतरायची वाट बघत होतं.

"आता मोठ्याने आकडे म्हणा. थांबू नका."

मी म्हणायला लागले. सुरुवातीचे आकडे शाळेतल्यासारखे खणखणीत निघाले. विशीच्या पुढे जीभ जड झाली. तिशीत आवाज नाकात शिरला, शब्द एकमेकांत सांडायला लागले. मी थांबले नाही. शेजारची खुर्ची करकरली.

"हा आवाज," हे म्हणाले.

डॉक्टरबाईंनी मला हाताने थांबवलं. "बोला. आता तुमचं ऐकते."

ह्यांनी पर्स टेबलावर ठेवली, परत उचलली. "रोज संध्याकाळी अशीच बोलते. असाच डोळा अर्धा मिटून बघते. मी काही सांगायला गेलो की नाकातून एखादा शब्द टाकते आणि पाठ फिरवते. हसली तरी दात विचकल्यासारखी हसते. मला वाटायचं…" ते घुटमळले. "मला वाटायचं, मला कंटाळली. माझं तोंड बघायला नको झालंय हिला. म्हणून मी सुटल्यावर छापखान्याच्या बाहेर बाकावर बसून राहतो. ही जेवून घेईल, मग जावं. वर्ष झालं असेल."

मी ह्यांच्याकडे बघितलं, पण मला दोन दोन दिसत होते आणि दोघांचेही डोळे भरलेले होते.

डॉक्टरबाई उठल्या. औषधांच्या छोट्या फ्रीजमधून त्यांनी बर्फ काढला, रबरी हातमोज्यात घालून गाठ मारली आणि माझ्या मिटल्या डोळ्यावर धरला. स्वतःच्या हाताने धरून उभ्या राहिल्या. गार पाणी गालावरून गळ्यात उतरत होतं. मग त्यांनी तो काढला आणि ह्यांना जवळ बोलावलं. "बघा."

पापणी वर गेली होती. हे वाकून बघत राहिले.

"गारव्याने थोडा वेळ सुधारते. काळजीने उतरलेली पापणी बर्फाने वर जात नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून सावकाश बोलल्या, जसं शेजारीण बोलते. नसेचा निरोप स्नायूला पोचतो, पण सारखं काम केलं की तो तिथे नीट घेतला जात नाही. विश्रांती घेतली की पुन्हा पोचतो. आजाराला मोठं नाव होतं, ते मी तेव्हा विसरले. रक्ताची एक खास तपासणी करायची, नसांची करायची, छातीचा फोटो काढायचा, तोवर त्या ठामपणे काही म्हणणार नाहीत. बहुतेकांना औषधाने पुष्कळ बरं वाटतं, पण ते बराच काळ घ्यावं लागतं, कदाचित कायमचं. त्यांना विचारल्याशिवाय दुसरी कुठलीही गोळी नको. गिळायला किंवा श्वास घ्यायला जड गेलं तर वेळ न बघता यायचं. "पण एक आजच सांगते. तुम्ही जे जे सांगितलंत, ते सगळं मला दिसलं."

"बरं झालं," मी म्हणाले. कायमचा आजार म्हणाल्या आणि मी बरं झालं म्हणाले. ह्यांनी घाबरून माझ्याकडे बघितलं. डॉक्टरबाईंनी मात्र नुसती मान हलवली, त्यांना सवय असावी.

बाहेर पायऱ्यांवर आलो तर जाऊबाईंचा फोन. माझ्याच्याने बोलवेना, ह्यांनी घेतला. मोठा आवाज त्यांचा, मलाही ऐकू आला. "काय म्हणाल्या? डोळा नीट राहिला ना?"

"धुवायला लावला, वहिनी," हे म्हणाले. "धुतल्यावर कळलं."

मग बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "म्हणजे मीच झाकत होते की काय?" मी फोनकडे तोंड नेऊन 'नाही' म्हणायचा प्रयत्न केला. त्यांना ते ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

आम्ही पायरीवरच बसलो, मला उतरवत नव्हतं. समोरच्या दुकानदाराने शटर अर्धं ओढलं होतं. येणारी-जाणारी माणसं माझ्या चेहऱ्याकडे बघून पुढे जात होती आणि माझी त्याला हरकत नव्हती.

"तू चिडलेली नव्हतीस माझ्यावर?" ह्यांनी विचारलं.

मला खूप सांगायचं होतं. की नव्हते. म्हणजे मग मग चिडलेही होते, तुम्ही उशिरा यायला लागलात तेव्हा. की मला वाटलं, तुम्हीच कंटाळलात. की पाठ मी तुमच्याकडे फिरवत नव्हते, चेहरा लपवत होते. आणि त्या बाकावर एकटे कशाला बसलात, वेड्यासारखे, वर्षभर. मी तोंड उघडलं. जीभ हलली, ओठ जुळले नाहीत, नाकातून नुसता सूर निघाला. मी पुन्हा प्रयत्न केला. दिवसभराचा आवाज त्या आकड्यांमध्ये संपला होता.

"राहू दे," हे म्हणाले आणि माझा जड हात उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला. "सकाळी सांग. मी उद्या उशिरा जाईन कामाला."